दर आठवड्याची कादंबरी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्या सरांच्या हाताखाली मी याच शाळेत मराठी शिकलो. आम्ही नववीत असताना एके दिवशी पाठ्यपुस्तक मिटून त्यांनी वर्गाला एक प्रश्न विचारला होता. एक मनुष्य दर आठवड्याला कादंबरीचे एक प्रकरण लिहितो. मागचे प्रकरण छापून लोकांच्या घरी गेलेले आहे, ते आता खोडता येत नाही. पुढचे प्रकरण त्याने लिहिलेलेच नाही. असा मनुष्य लिहायला बसतो तेव्हा त्याच्या मनात काय असते? आमच्यातील एकाने 'भीती' असे उत्तर दिले. दुसऱ्याने 'घाई' म्हणून सांगितले. सर हसले आणि म्हणाले, "आणखी एक राहिले. ते तुम्हांला मोठेपणी सापडेल." तास संपला. तो मनुष्य म्हणजे हरि नारायण आपटे, हे मात्र त्यांनी जाता जाता सांगितले.

आजचे माझे निवेदन त्या एका प्रश्नाभोवतीच फिरणार आहे. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या विद्यार्थ्याने उशिरा लिहिलेले उत्तर, असे त्यास म्हणावे.

हरिभाऊंकडे वळण्यापूर्वी आपल्या गावाचे थोडे ऋण मानले पाहिजे. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना आपण पुण्या-मुंबईची नावे घेतो. परंतु तिच्या उगमाशी बेळगावची माती आहे, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही. १८५७ साली प्रसिद्ध झालेली 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी सामान्यतः मानली जाते. तिचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे तीनच वर्षांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर हे पुस्तक लिहिले. त्यातील धर्मप्रसाराचा भाग आज वाचकाला अवघड वाटतो, आणि पात्रांपेक्षा ग्रंथकाराचा आवाजच मोठा ऐकू येतो, हेही खरे. पण प्रवास करीत करीत एकेका गावच्या विधवेची कहाणी ऐकणारी यमुना मराठी गद्यात प्रथमच वावरली. दुसरे नाव रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचे. त्यांचा जन्म १८४३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील जांबोटीस झाला. 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यांची. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक निघाले, गुंजीकर त्याचे संपादक झाले आणि 'मोचनगड' त्याच मासिकातून क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८७१ साली आली. पेशाने शिक्षक असलेला हा मनुष्य महिन्यामागून महिना गडाची, किल्लेदाराची, मावळ्यांची गोष्ट पुढे नेत होता.

मला 'मोचनगडा'तील गोष्टीपेक्षा तिच्या येण्याच्या रीतीचे महत्त्व अधिक वाटते. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या तत्कालीन अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील राजपुत्र आणि सुंदऱ्या कोणत्याही वारी, कोणत्याही गावी असू शकत होत्या. नियतकालिकात येणारी कथा मात्र वाचकाच्या महिन्यात, त्याच्या आठवड्यात शिरते. ती वाचकाबरोबर म्हातारी होते. हे सामर्थ्य गुंजीकरांना जाणवले असेल अथवा नसेल. हरिभाऊंनी ते पुरेपूर ओळखले.

हरिभाऊ ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे जन्मले. आई लहानपणीच गेली. मुंबई-पुण्यात चुलत्यांच्या आश्रयाने शिक्षण झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर अशा गुरूंचा सहवास लाभला. १८८२ साली विष्णुशास्त्री गेले तेव्हा या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' लिहिला, आणि थोड्याच काळाने आगरकरांच्या 'विकारविलसित' या 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर विस्तृत टीका लिहून आपल्या गुरूलाही सोडले नाही. गणिताने मात्र त्यांना सोडले नाही. पदवी हाती आली नाही ती नाहीच. (परीक्षेत अडलेल्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणाचा आधार घ्यावा, पण फार घेऊ नये.)

१८८५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, 'पुणे वैभव' पत्रातून 'मधली स्थिति' येऊ लागली. रेनॉल्ड्सच्या लंडनवरील कादंबरीचा आधार तिला होता. पण आधार घेतल्यावरही पुण्यातील माणसे पुण्यासारखीच बोलली पाहिजेत, हा हट्ट त्या पहिल्या कृतीतही दिसतो. पुढे १८९० साली त्यांनी स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याला नाव दिले 'करमणूक'. त्या नावाकडे नीट पाहावे. १८८१ मध्ये 'केसरी' निघालेला, १८८८ मध्ये 'सुधारक' निघालेला. दोन्ही पत्रांत वादांची रणधुमाळी चाललेली. अशा पुण्यात सव्वीस वर्षांचा एक तरुण आपल्या पत्रास 'करमणूक' म्हणतो, आणि बायकामुलांसह सबंध घराने वाचावे असे काहीतरी दर आठवड्यास देण्याची हमी घेतो. त्याच्या मनात सुधारणेचा आग्रह आगरकरांहून कमी नव्हता. परंतु व्याख्यान ऐकायला जो सोप्यावर येत नाही, तो माजघरात गोष्ट ऐकतो, हे त्याला कळले होते.

'करमणूक' पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले. पंचवीसच धरली, तरी तेराशे अंक होतात. त्यांतला बराच मजकूर संपादकाच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेला. आणि हे गृहस्थ काही केवळ लेखक नव्हते. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. तेथे संस्कृत ग्रंथांची हस्तलिखिते जमवायची, ग्रंथ छापवून घ्यायचे, हिशेब पाहायचे. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, तिचे अध्यक्षपदही सांभाळले. शाळांची कामे होतीच. हस्तलिखितांचे पाठभेद आणि नगरपालिकेच्या सभा यांच्या मधल्या फटीत 'पण लक्षांत कोण घेतो!', 'मी', 'उषःकाल', 'जग हें असें आहे' ही सृष्टी लिहिली गेली.

छापखान्याची बाजू विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे, कारण आता ती डोळ्यांसमोर राहिलेली नाही. देवनागरीचे खिळे म्हणजे काही शेकड्यांची मोजणी : काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे, अर्धी अक्षरे. जुळारी एकेक खिळा खणातून उचलून ओळ बांधी. पाने छापून झाली की ते खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकावे लागत, कारण पुढच्या अंकासाठी तेच लागणार. म्हणजे गेल्या आठवड्याचे प्रकरण केवळ छापले गेले असे नव्हे. ते शिशाच्या रूपातही उरलेले नसे. लेखकाला मागे जाण्याची वाटच मोडलेली असे. १९६६ साली शाळेच्या वार्षिक अंकासाठी सरांनी मला येथल्याच एका छापखान्यात पाठविले होते. तेथील वयस्क जुळाऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "पान भरत नाही, चार ओळी द्या." मी दारातल्या बाकावर बसून चार ओळी लिहून दिल्या. त्या चार ओळींत मी माझ्या गोष्टीतील म्हातारीला विहिरीवरून पाणी आणायला लावले. पुढे सगळ्यांनी मला विचारले ते त्या म्हातारीविषयीच. माझ्या गोष्टीतला मूळ नायक कोणाला आठवला नाही.

आता माझ्या अपराधाकडे येतो. पीएच.डी.साठी मी क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या मराठी कादंबरीचा विषय घेतला होता. हरिभाऊंवरील प्रकरणात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले की, साप्ताहिकाच्या गरजेमुळे 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी पाल्हाळिक झाली आहे आणि तिचा एक तृतीयांश भाग गाळला असता कलादृष्ट्या ती सरस झाली असती. परीक्षकांनी त्या वाक्याखाली रेघ ओढून पसंती दर्शविली. पदवी मिळाल्यावर प्रबंधाची प्रत मी सरांना पाठविली. त्यांचे एक पोस्टकार्ड आले. अभिनंदनाच्या दोन ओळी, आणि खाली : "कोणता एक तृतीयांश?"

मी ते फार मनावर घेतले नाही. पण उत्तर लिहिण्यापूर्वी निदान खात्री करून घ्यावी म्हणून कादंबरीची एक जुनी प्रत काढली आणि पेन्सिलीने गाळायच्या भागांच्या कडेला उभ्या रेघा ओढीत गेलो. काम आठ-दहा दिवस चालले. संपल्यावर पाहिले तर रेघा जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या मजकुराशेजारी होत्या. कथानक जेथे पुढे सरकते तेथे रेघ नव्हती. यमूचे दादाशी भांडण, तिची दुर्गी ही मैत्रीण, सासरच्या बायकांचे टोमणे, मुंबईच्या बिऱ्हाडातल्या साध्यासुध्या गप्पा, कोणी काय म्हटले आणि त्यावर कोणी तोंड कसे फिरविले : मी गाळले होते ते हे. थोडक्यात, एका बाईने स्वतःच्या आयुष्यातील म्हणून जे जे सांगण्यासारखे मानले, ते ते मी पाल्हाळ ठरविले होते.

त्याच सुमारास सुटीत खानापूर तालुक्यातील आमच्या घरी गेलो होतो. आजी ऐंशीच्या घरात होती. तिला ही कादंबरी ठाऊक आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हते. थोरले दीर रात्री ओसरीवर कंदिलाशी बसून पुस्तक वाचीत आणि बायका दाराआड बसून ऐकत. हातातले काम थांबवायचे नाही, एवढीच अट. मी तिला विचारले, गोष्ट काय होती? तिने शेवट चुकीचा सांगितला. रघुनाथरावांचे नावही तिला आठवेना. पण यमू आणि दुर्गी यांच्या गप्पा तिने मला असे सांगितल्या की जणू त्या आमच्याच माजघरात झाल्या. केशवपनाच्या प्रसंगाशी ती आली तेव्हा बोलायची थांबली आणि निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून आत गेली. माझी आजीची बहीण अकराव्या वर्षी विधवा झाली होती. घरात तिच्याविषयी कोणी कधी बोलत नसे.

मी पुण्यास परतलो आणि सरांना लिहिले की, तो एक तृतीयांश मला सापडला, आणि तो गाळता येत नाही. प्रबंधातील वाक्य मात्र छापील पुस्तकात तसेच गेले, कारण पुस्तक तोवर छापखान्यात होते. खिळे सुटले होते, असेच म्हणा.

या पाल्हाळाचा उगम कोठे आहे? साप्ताहिकाची पाने भरायची होती, हे खरेच. परंतु पाने भरण्यासाठी लेखक काय निवडतो, यावरून त्याचा आनंद कशात आहे ते कळते. हरिभाऊ निसर्गवर्णनाने पाने भरू शकले असते. जुन्या कादंबऱ्यांत चंद्रोदयाची काय वाण होती? उपदेशानेही भरू शकले असते, आणि कित्येकदा त्यांनी भरलीही. तेवढी पाने आजही वाचवत नाहीत. पण मन मोकळे असले म्हणजे ते माणसांना बोलू देतात. एकदा दोन बायका स्वयंपाकघरात बोलू लागल्या की लेखकाला तेथून उठवत नाही. प्रकरण संपवायचे आहे, जुळारी वाट पाहत असेल, नगरपालिकेची सभा असेल, तरी आणखी एक वाक्य, त्यावर एक उत्तर. तो संवाद त्याने रचलेला वाटत नाही, ऐकलेला वाटतो. आणि ऐकण्यात रमलेला मनुष्य वेळेकडे पाहत नाही. सरांच्या प्रश्नाचे राहिलेले तिसरे उत्तर हेच असावे, असे मला वाटते. भीती होती, घाई होती, आणि गंमत वाटत होती.

हे ऐकणे त्यांना साधले कसे, याचा एक धागा काशीबाई कानिटकरांपर्यंत जातो. काशीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे 'रंगराव' ही कादंबरी तसेच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. कानिटकर पति-पत्नी आणि हरिभाऊ यांचा स्नेह होता, पत्रव्यवहार होता. लिहिलेले एकमेकांस दाखविले जाई. एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून प्रथमपुरुषी आत्मकथा लिहावी आणि ती स्त्रियांना आपली वाटावी, यामागे अशा मैत्रीचा वाटा असलाच पाहिजे. हरिभाऊंच्या पश्चात काशीबाईंनी त्यांचे चरित्र आणि पत्रव्यवहार ग्रंथरूपाने सिद्ध केला, हे ऋण त्यांनी फेडले असे म्हणावे, की त्यांच्यावर चढविले म्हणावे, मला ठरविता येत नाही. नायिकेचे नावही 'यमुना'च. पदमनजींच्या यमुनेची आठवण येथे हेतुपुरस्सर आहे का, याचा निर्णय करण्यास पुरावा नाही. पहिली यमुना इतरांची दुःखे पाहत हिंडते आणि तिचा ग्रंथकार तिच्या वतीने बोलतो. दुसरी स्वतःच लिहायला बसते. तेहतीस-छत्तीस वर्षांत मराठी कादंबरीने कापलेले अंतर एवढे आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी मी थोडेच बोलेन. त्या आपण सर्वांनी शाळकरी वयात वाचल्या आहेत. 'उषःकाला'तील सुलतानगड, रंगराव अप्पा, नानासाहेब, 'गड आला पण सिंह गेला'मधील तानाजी : यांत साप्ताहिकाचे तंत्र फार उघडे दिसते. प्रकरणाच्या शेवटी भुयाराचे दार लागते, कोणीतरी खांद्यावर हात ठेवतो, आणि वाचकाने आठ दिवस तळमळावे अशी व्यवस्था होते. सामाजिक कादंबऱ्यांत हेच हरिभाऊ असा दगा देत नाहीत. तेथे प्रकरण कित्येकदा एखाद्या निःश्वासावर संपते. एकाच हाताने, एकाच पत्रासाठी, दोन वेगळ्या श्वासांचे लेखन होत होते. याला अपवाद 'वज्राघात' हिचा. १९१३ ते १९१५ या काळात लिहिलेली, १५६५ मध्ये झालेल्या विजयनगरच्या पाडावावरची ही कादंबरी मला त्यांच्या ऐतिहासिक लेखनात सर्वांत बांधेसूद वाटते. रामराजा आणि मेहेरजान यांच्या जुन्या पापाचे बीज रणमस्तखानाच्या रूपाने उगवते आणि साम्राज्य घेऊन जाते. बेळगावहून हंपी फार दूर नाही. शाळेची सहल तेथे जाते तेव्हा मुलांनी निघण्यापूर्वी हे पुस्तक वाचावे. तुंगभद्रेकाठचे ते भग्न मंडप पाहताना ज्याने 'वज्राघात' वाचले आहे तो मुलगा थोडा मागे राहतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणि तरीही या पद्धतीने किंमत वसूल केली, ती नाकारण्यात अर्थ नाही. हरिभाऊंच्या वीसेक कादंबऱ्यांपैकी कित्येक अपूर्ण आहेत. 'गणपतराव' अपूर्ण, 'आजच' अपूर्ण, 'मायेचा बाजार' अपूर्ण, शेवटची 'कर्मयोग'ही अपूर्ण. यांतल्या बहुतेक सामाजिक आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऐतिहासिक कथेचा शेवट इतिहासाने ठरवून ठेवलेला असतो. गड येणार आणि सिंह जाणार, हे पहिल्या अंकापासून ठरलेले. 'आजकालच्या गोष्टीं'चा शेवट मात्र आजकालनेच द्यायचा असतो, आणि १९१० च्या सुमारास पुण्यातील आजकाल असे काही गुंतागुंतीचे झाले होते की सुधारकाला काय करावे हे सुचत नसे, मग त्याच्या कादंबरीतील नायकाला कोठून सुचावे? 'कर्मयोगा'त समाजसेवेला वाहून घेणारी माणसे निघतात ती पोचतच नाहीत. थकवा, प्रकृती, व्याप ही कारणे टीकाकारांनी दिली आहेत आणि ती खरी असतील. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही त्याला खोटा शेवट जोडून पुस्तक बांधून टाकणे हरिभाऊंना सहज शक्य होते. वाचकांनी ते गोडही करून घेतले असते. त्यांनी ते केले नाही. १९१२ साली अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेला, महाराष्ट्राने मुकुटमणी मानलेला हा लेखक ३ मार्च १९१९ रोजी गेला तेव्हा त्याच्या मागे अर्धी राहिलेली माणसे बरीच होती.

त्यांच्यानंतर काळ झपाट्याने पालटला. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचे तंत्र शास्त्रासारखे मांडले : सुरुवात कशी, गुंतागुंत कशी, उत्कर्षबिंदू कोठे. त्या पुस्तकाने दोन पिढ्यांना लिहायला शिकविले. माझ्या पेन्सिलीमागेही तेच होते. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवीत असताना लिहीत गेले, आणि पुढे दृष्टी अधू झाल्यावर मजकूर सांगून लिहवून घेत राहिले. सांगून लिहविण्याने गद्यात काय फरक पडतो, हा स्वतंत्र विषय आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की, गुंजीकर, खांडेकर ही शिक्षक मंडळी शाळेची घंटा आणि लेखन यांच्यामध्ये भांडण न मानता जगली. आमचे सरही त्यांतलेच. त्यांनी पुस्तक एकही छापले नाही. पण शाळेचे हस्तलिखित दर महिन्याला काढले, आणि त्यात मुलांकडून क्रमशः गोष्ट लिहवून घेतली. एका महिन्यात एकाने लिहायचे, पुढचे दुसऱ्याने, मागचे कोणी बदलायचे नाही. माझा नायक माझ्या पुढच्या मुलाने एका परिच्छेदात मारून टाकला, तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो होतो. सर म्हणाले, "मग त्याच्या आईचे काय झाले ते लिही."

'पण लक्षांत कोण घेतो!'ची ती पेन्सिलीच्या रेघांची प्रत मी आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयाकडे सोपवीत आहे. ग्रंथपालांना विनंती आहे की त्यांनी रेघा खोडू नयेत. वाचणाऱ्या मुलांना सांगावे, की घाईची वेळ असली तर रेघांच्या शेजारचा मजकूर तेवढा वाचा, बाकीचा राहिला तरी चालेल.